अठ्ठाविशीनंतर

मराठी क्रिकेटचं कपाट हे फलंदाजांचं कपाट आहे. विजय मर्चंट, विजय मांजरेकर, अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर. यांच्यावर लिहिलं गेलं, बोललं गेलं, कुणाचा स्ट्रेट ड्राइव्ह सरस यावरून बाप-लेकांची जेवणं थंड झाली. गोलंदाज या सगळ्या लिखाणात येतो तो बहुतेकदा चौकार खायला. फिरकीवाल्यांचं एक वेळ बरं. सुभाष गुप्ते, बापू नाडकर्णी यांच्या आठवणी निदान जुनी माणसं काढतात. पण वीस पावलं धावत येऊन चेंडू टाकणारा, उन्हात दुपारी चार वाजता दुसऱ्या नव्या चेंडूसाठी पुन्हा मार्करपाशी जाऊन उभा राहणारा माणूस आपल्याकडे कुणाला फारसा सुचलाच नाही.

त्याचं कारणही आहे. आपण ज्या खेळपट्ट्यांवर वाढलो, तिथे वेगवान गोलंदाजाचं काम नव्या चेंडूची चकाकी घालवून तो फिरकीपटूंच्या हाती देणं एवढंच होतं. कसोटी सामन्यात गावसकरनं गोलंदाजीची सुरुवात केलेली आहे. १९६७ साली एजबॅस्टनला तर बुधी कुंदेरननं केली, आणि कुंदेरन मुळात यष्टीरक्षक! ज्या देशात नवा चेंडू कुणीही टाकला तरी चालतं, त्या देशात तो नीट टाकणाऱ्याची कारकीर्द कशी असेल, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. हे पुस्तक त्यातून आलं.

पुस्तक झहीर खानविषयी आहे, पण ते त्याचं चरित्र नव्हे. त्याचं घर, लग्न, पुण्यातलं हॉटेल, जाहिराती यांतलं काही इथे मिळणार नाही. मला रस आहे तो एका नोकरीत. वेगवान गोलंदाजी ही नोकरी आहे असं धरलं, तर ती माणूस कसा मिळवतो, ती त्याच्या अंगावर काय करते, मध्येच कशी जाते, आणि परत मिळाली तर कोणत्या अटींवर मिळते, एवढंच पाहायचं होतं.

*

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मैदानावर, तंबूच्या मागच्या बाजूला एका क्लबच्या गोलंदाजाचे बूट वाळत ठेवलेले पाहिले. डावा बूट धड होता. उजव्याच्या पुढच्या टोकाला, अंगठ्याच्या बरोबर वर, ब्लेडनं चौकोनी भोक पाडलेलं. कडा नीट घासलेल्या. आतल्या अस्तराला वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग. तो डावखुरा गोलंदाज होता, म्हणजे चेंडू सोडताना त्याचा उजवा पाय पुढे आपटणार. पाय आपटला की बूट जागच्या जागी थांबतो, पण आतलं पाऊल थांबत नाही. अंगठा पुढे जाऊन बुटावर आदळतो. दिवसात शंभर वेळा असं झालं की नख काळं पडतं, मग निघतं. म्हणून भोक. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘नवीन बूट आणले की आधी हेच करायचं. घरचे ओरडतात.’

अंगठ्याचं दुखणं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. पुढचा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर घोट्यातून, गुडघ्यातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली असते, खांदे फिरत असतात, आणि पाठीच्या खालच्या मणक्यांना पिळा बसत असतो. वेग हवा असेल तर पुढचा गुडघा ताठ ठेवावा लागतो. गुडघा वाकवला तर धक्का कमी बसतो, पण चेंडूचा जोरही जातो. म्हणजे ज्या गोष्टीनं चेंडू जोरात जातो, नेमकी तीच माणसाला मोडते. कसोटीत दिवसाला वीस षटकं म्हणजे १२० चेंडू; नो बॉल असतील तर ते वेगळे. फलंदाजाचं वाईट चाललं तर तो तंबूत जाऊन बसतो. गोलंदाजाचं वाईट चाललं तर त्याला आणखी गोलंदाजी करावी लागते.

डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाठीचे मणके मोडून घरी परतला. पुन्हा खेळेल असं फार थोड्यांना वाटत होतं. तो १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये परत आला, आणि पुढे कारकीर्द संपवताना त्याच्या नावावर ३५५ कसोटी बळी होते. परतलेला लिली हा आधीचा लिली नव्हता. हळूहळू वेग कमी होत गेला आणि लेगकटर, टप्पा, कोन यांचा हिशेब वाढत गेला. हा माणूस १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतातल्या पोरांना शिकवायला येऊ लागला. आपल्या गोलंदाजांना त्यानं काय शिकवलं याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला वाटतं, मोडून परत आलेला माणूस समोर उभा आहे, हाच मोठा धडा होता.

*

झहीरकडे येण्याआधी रमाकांत देसाईंकडे जायला हवं. मराठी वाचकाला तरी ते चुकवता येणार नाही.

देसाई मुंबईचे. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास. ‘टायनी’ म्हणायचे त्यांना. वेगवान गोलंदाज म्हटल्यावर डोळ्यांपुढे जी आडदांड आकृती येते, तिच्या खांद्यालाही ते लागले नसते. १९५९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांचं कसोटी पदार्पण झालं. वय १९. वेस्ट इंडीजनं ८ बाद ६४४ वर डाव सोडला. त्या डावात या पोरानं ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले.

४९ षटकं. म्हणजे २९४ चेंडू, पहिल्याच कसोटीच्या पहिल्याच डावात. आजचा फिजिओ हे ऐकून खुर्चीतून पडेल. पण तेव्हा फिजिओ नव्हता, षटकांचा हिशेब ठेवणारा कुणी नव्हता, आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या तोडीचा जोडीदारही बहुतेकदा नव्हता. कसोटी खेळाडूसुद्धा कुठल्यातरी बँकेत किंवा कंपनीत नोकरी करायचे. क्रिकेट पोट भरत नव्हतं. फक्त अंग झिजवत होतं. देसाईंनी २८ कसोटींत ७४ बळी घेतले. शेवटची कसोटी १९६८ साली न्यूझीलंडमध्ये, डनेडिनला. फलंदाजी करताना डिक मॉट्झचा चेंडू जबड्यावर बसला, जबडा मोडला. ते तसेच उभे राहिले आणि बिशनसिंग बेदीबरोबर शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या. भारतानं तो सामना जिंकला. परदेशातला भारताचा तो पहिला कसोटी विजय. देसाई पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय होतं २८.

हा २८ चा आकडा लक्षात ठेवा. या पुस्तकाचा सगळा तोल त्याच्यावर आहे.

*

श्रीरामपूर हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं गाव. आजूबाजूला ऊस, साखर कारखाने, मधून दौंड–मनमाड लोहमार्ग. परगावचा माणूस इथे हमखास फसतो, कारण गाव श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर. ७ ऑक्टोबर १९७८ ला झहीरचा जन्म या गावातला. इथलं क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल. टेनिस बॉल हलका. तो जोरात न्यायचा तर हात जीव खाऊन फिरवावा लागतो, आणि मार खायचा नसेल तर पायात टाकावा लागतो. झहीरचा यॉर्कर कुठून आला याचं उत्तर शोधायला चेन्नईपर्यंत जायची गरज नाही, असं माझं मत आहे. सीझन बॉलशी त्याची नियमित गाठ पडली ती वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईला आल्यावर. अभियांत्रिकीची वाट समोर असताना वडिलांनीच गोलंदाजीकडे वळवलं, ही आठवण त्यानं पुढे अनेकदा सांगितली आहे. आपल्याकडे असा बाप विरळा.

मुंबईत तो नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली आला. नाईक स्वतः सलामीचे फलंदाज. १९७०-७१ साली मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले असताना उरलेल्या संघाचं नेतृत्व करून त्यांनी रणजी करंडक मुंबईत ठेवला होता. एका फलंदाजानं वेगवान गोलंदाज हेरावा, त्याला क्लबात जागा द्यावी, हे मुंबईच्या खडूस क्रिकेटला शोभणारंच. नाईक या पुस्तकात पुढे पुन्हा येतील, वेगळ्याच कामावर. तिथून झहीर चेन्नईला, लिली आणि टी. ए. शेखर यांच्याकडे. रणजी पदार्पण मात्र बडोद्याकडून. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यानं रेल्वेला २१ धावांनी हरवलं, त्यात दुसऱ्या डावात झहीरचे ४३ धावांत ५ बळी होते. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला बडोद्याच्या टोपीत पाहून नगरकरांना काय वाटलं असेल ते असो. मुंबईच्या संघात तो बऱ्याच उशिरा, २००६-०७ च्या मोसमात खेळला.

त्याआधीच ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला तो भारताकडून खेळला होता. २२ व्या वाढदिवशी ऑस्ट्रेलियाशी सामना, आणि स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा. ज्यांनी तो चेंडू थेट पाहिला त्यांना आठवत असेल, बॅट खाली यायच्या आत काम झालं होतं. भारतीय गोलंदाजाच्या वेगानं ऑस्ट्रेलियाचा कर्णधार चुकला, हे दृश्यच नवं होतं. त्या झहीरची धाव लांब होती, शेवटची उडी उंच होती, आणि चेंडू सोडल्यावर अंग तोल जाऊन पुढे कोसळायचं. सुंदर दिसायचं. फार दिवस टिकेल असं मात्र दिसत नव्हतं.

*

जोहान्सबर्गचं वाँडरर्स मैदान या कारकिर्दीत तीन मोक्याच्या क्षणी येतं. मी या पुस्तकाची मांडणी त्या तीन भेटींभोवती केली आहे, कारण एवढी सोय नशिबानं आयती दिली असताना नाकारायची कशाला?

पहिली भेट, २३ मार्च २००३. विश्वचषकाचा अंतिम सामना. त्या स्पर्धेत झहीरनं १८ बळी घेतले होते, भारताकडून सर्वांत जास्त. पहिलं षटक त्याच्याकडे. मॅथ्यू हेडनकडे पाहून काहीतरी बोलणं, नो बॉल, वाइड, चौकार. षटक संपलं तेव्हा १५ धावा झाल्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियानं २ बाद ३५९ केल्या आणि झहीरच्या नावापुढे ७ षटकं, ६७ धावा, बळी नाही, असं लिहिलं गेलं. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात त्याला शिव्या पडल्या, आमच्याही. आज ते षटक पुन्हा पाहिलं की कळतं, चूक हेतूची नव्हती. त्याला जोर लावायचा होता, आणि जोर लावणं ही एकच गोष्ट त्याला तेव्हा येत होती.

मग डिसेंबर २००३. ब्रिस्बेनला ९५ धावांत ५ बळी, ऑस्ट्रेलियात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आणि लगेच मांडीमागचा स्नायू. पुढच्या अ‍ॅडलेड कसोटीत तो नव्हता. त्याच्या जागी इरफान पठाण आला: डावखुरा, स्विंग करणारा, वर बडोद्याचाच. अ‍ॅडलेडला भारत जिंकला, अजित आगरकरनं ४१ धावांत ६ बळी घेतले. कुठल्याही नोकरीत रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची कशी भरते, ते इथे दिसतं. पुढची दोन-अडीच वर्षं दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत अशी गेली. २००६ च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर तो कसोटी संघाबाहेर होता. पठाण होता, आर. पी. सिंग होता, श्रीशांत येत होता. झहीर २७ वर्षांचा होता आणि त्याच्याविषयी लोक भूतकाळात बोलू लागले होते. तंदुरुस्तीकडे त्याचं दुर्लक्ष होतं, अशी टीका झाली. त्यातली बरीचशी योग्य होती, हे मी या पुस्तकात लपवलेलं नाही.

*

वुस्टर हे इंग्लंडमधलं सेव्हर्न नदीकाठचं गाव. काउंटीच्या मैदानावरून कॅथीड्रल दिसतं, आणि नदीला पूर आला की मैदानही नदीत जातं. २००६ चा मोसम झहीरनं तिथे वुस्टरशर काउंटीकडून काढला. क्रिकेटवेड्यांच्या आठवणीत हा मोसम फारसा नाही, कारण तो आपल्या टीव्हीवर नव्हता. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द इथे सुरू होते, म्हणून पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण याच मोसमावर आहे.

काउंटी क्रिकेट ही रोजंदारी आहे. चार दिवसांचा सामना, मग एक दिवसाचा, मग बसनं दुसऱ्या गावी, पुन्हा चार दिवस. एप्रिलच्या थंडीत बोटं बधिर होतात, ऑगस्टमध्ये खेळपट्ट्या कोरड्या पडतात, आणि चेंडू दर पंधरवड्याला वेगळं वागतो. तिथे कुणी तुमची आरती करत नाही. आठवडाभर पुरायचं तर अंग वाचवावं लागतं, आणि अंग वाचवायचं तर आधी अंगाचा खर्च कुठे होतोय ते कळावं लागतं. झहीरनं धाव आखूड केली. शेवटची उंच उडी जवळजवळ काढूनच टाकली. वेग थोडा गेला. बदल्यात मनगट सरळ राहू लागलं, शिवण उभी राहू लागली, आणि टप्पा हुकुमात आला.

त्या काउंटीसाठी पहिल्याच सामन्यात त्यानं १० बळी घेतले. पुढे एसेक्सविरुद्ध पहिल्या डावातले पहिले ९ बळी त्याचे एकट्याचे, १३८ धावांत. दहावाही मिळाला असता, पण यष्टीरक्षकाच्या हातून झेल सुटला. मोसमात ७८ बळी. आकडे चांगलेच आहेत, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की तो मोसमभर उभा राहिला.

डिसेंबर २००६. वाँडरर्सची दुसरी भेट. वय २८, देसाईंची कारकीर्द ज्या वयात संपली, तेच. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला. श्रीशांतनं ४० धावांत ५ बळी घेतले आणि सगळं नाव त्याचं झालं, ते योग्यच. दुसऱ्या टोकानं झहीर आवळत होता. भारत १२३ धावांनी जिंकला, दक्षिण आफ्रिकेतला आपला पहिला कसोटी विजय. त्या सामन्यातल्या झहीरच्या गोलंदाजीचं चित्रण मी किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही. २००३ चा माणूस आणि हा, दोघांना शेजारी ठेवून पाहावं. पहिला धावत येताना मोठा दिसतो. दुसरा चेंडू सोडताना.

*

नव्या झहीरची एक लकब सांगतो, कारण टीव्हीवर ती दिसत असूनही आपल्याला वर्षानुवर्षं दिसली नव्हती. धावत येताना तो डाव्या हातातला चेंडू उजव्या पंजानं झाकायचा. चेंडूची एक बाजू घासून गुळगुळीत ठेवलेली, दुसरी खरबरीत. नव्या चेंडूवर आणि जुन्या, कोरड्या चेंडूवर चकाकीचा अर्थ उलटा होतो. यालाच रिव्हर्स स्विंग म्हणतात. चांगला फलंदाज गोलंदाजाच्या हातातच पाहून घेतो की चकाकी कुठल्या बाजूला आहे, आणि अर्धं उत्तर आधीच काढून ठेवतो. झहीरनं ते उत्तर लपवलं. चेंडू सुटेपर्यंत फलंदाजाला बाजू कळायची नाही. आपल्या पाटा खेळपट्ट्यांवर, धुळीत, चाळिसाव्या षटकानंतर त्यानं जे बळी घेतले त्यांतले कितीतरी या पंजाआड जन्मले.

२००७ चं नॉटिंगहॅम सगळ्यांना जेली बीन्समुळे आठवतं. झहीर फलंदाजीला आला, तर क्रीजवर रंगीत गोळ्या. त्यानं बॅटनं बाजूला केल्या. पुढच्या चेंडूला पुन्हा हजर. तो भडकला, केविन पीटरसनवर बॅट उगारून बोलला. टाकल्या कुणी हा वाद पुढे चघळला गेला आणि मला त्यात काडीचाही रस नाही. मला रस आहे त्या सामन्यातल्या ९ बळींमध्ये: ५९ धावांत ४ आणि ७५ धावांत ५. इंग्लंडच्या डावखुऱ्या सलामीच्या जोडीला त्यानं राउंड द विकेट येऊन छळलं. चेंडू आत येणार म्हणून खेळायला जावं, तर तो सरळ निघून जायचा. भारतानं ती मालिका १-० जिंकली, इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी. एवढं सगळं करणाऱ्या गोलंदाजाला गोळ्यांपायी लक्षात ठेवायचं, हे आपल्यालाच जमतं.

पुढच्या चार वर्षांवर इथे फार लिहीत नाही. ती पुस्तकात सविस्तर आहेत. मिरपूरला ८७ धावांत ७ बळी, भारतीय संघ कसोटीत पहिल्या क्रमांकावर, आणि नेटमध्ये पिकवलेला तो नकल बॉल, ज्यात हात नेहमीच्या जोरानं येतो पण चेंडू बोटांच्या पेरांमधून मरगळून बाहेर पडतो. २०११ च्या विश्वचषकात माइक हसीचा अहमदाबादला त्या नकल बॉलनंच त्रिफळा उडाला.

पण वानखेडेवर थांबायलाच हवं. २ एप्रिल २०११. खेळपट्टी कुणी तयार केली होती? सुधीर नाईकांनी. श्रीरामपूरहून आलेल्या पोराला क्लबात घेणारा माणूस आता वानखेडेचा क्युरेटर होता. त्या खेळपट्टीवर झहीरनं पहिली तीन षटकं निर्धाव टाकली. विश्वचषकाचा अंतिम सामना, भरलेलं मैदान, आणि तीन षटकं शून्य धावा. उपुल थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हाती. पहिला स्पेल ५ षटकं, ६ धावा, १ बळी. आठ वर्षांपूर्वी पहिल्या षटकात १५ देणारा हाच माणूस.

उरलेल्या ५ षटकांत त्याला ५४ धावा पडल्या. हेही लिहायला हवं. स्तुतीच्या भरात पहिला स्पेल सांगून दुसरा गाळणारे लेख मी बरेच वाचले आहेत. डावाच्या शेवटी चेंडू हातात घेणारा मार खातोच, आणि झहीरच्या कप्तानानं तो नेहमी त्याच्याच हातात दिला. स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक.

*

तीन महिन्यांनी लॉर्ड्सवर पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही सलामीवीर बाद केले, १३.३ षटकांत १८ धावा दिल्या, आणि मांडी धरून बाहेर गेला. चौदावं षटक अर्धवट राहिलं. भारत ती मालिका ०-४ हरला. एका गोलंदाजाच्या जाण्यानं एवढं होतं का, असं विचारणाऱ्यांना मी तो धावफलक दाखवतो आणि गप्प बसतो. खरं तर त्या दौऱ्यात भारताचं बरंच काही चुकलं. पण पहिला दगड तोच निसटला.

यानंतरची वर्षं उतरणीची. घोट्याची शस्त्रक्रिया, संघातून बाहेर, पस्तिशीला आलेला देह. २०१३ मध्ये तो युवराज सिंगबरोबर फ्रान्समधल्या ब्रिव्ह गावी जाऊन नव्यानं अंग बांधून आला. कशासाठी? पैसा होता, विश्वचषक होता, आयपीएलमध्ये दिवसाला चारच षटकं टाकून भागत होतं. माझ्यापाशी याचं उत्तर नाही, पण वाँडरर्सची तिसरी भेट आहे. डिसेंबर २०१३, जॅक कॅलिस पायचीत, झहीरचा ३०० वा कसोटी बळी. कुंबळे, कपिल, हरभजन यांच्यानंतर तो चौथा भारतीय. वेगवान गोलंदाजांत कपिलनंतर दुसरा.

एकूण ९२ कसोटी, ३११ बळी, सरासरी ३२.९४. मॅकग्रा, स्टेन यांची सरासरी २३ च्या आत आहे. त्यांच्या रांगेत झहीर बसत नाही, आणि मी त्याला तिथे बसवायला हे पुस्तक लिहिलेलं नाही. त्याच्यामागून नागपूरकडच्या कोळसापट्ट्यातला उमेश यादव आला, पालघरचा शार्दुल ठाकूर आला. मराठी मुलखात आता नवा चेंडू मागणारी पोरं आहेत. त्या पोरांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. विशेषतः वुस्टरचं प्रकरण. घाई असेल त्यांनी तेवढंच वाचलं तरी चालेल.

शेवटचं प्रकरण वेलिंग्टनचं. फेब्रुवारी २०१४, न्यूझीलंडचा दुसरा डाव. आपल्याकडे पहाट होती. मी आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो, घरचे झोपले होते म्हणून. ब्रेंडन मॅकलमनं ३०२ धावा केल्या आणि त्याला अखेर झहीरनंच धोनीकरवी झेलबाद केलं. न्यूझीलंडनं ८ बाद ६८० वर डाव सोडला. ३५ वर्षांच्या झहीरनं त्या डावात ५१ षटकं टाकली. देसाईंनी आपल्या पहिल्या डावात टाकली होती त्याहून दोन जास्त. देसाईंना १६९ धावांत ४ बळी मिळाले होते, झहीरला १७० धावांत ५. त्यानंतर तो कसोटीत पुन्हा खेळला नाही.